किती रोजाचं?

आमच्याकडे बाजारातून आणलेल्या वस्तूची किंमत कोणी रुपयांत विचारत नसे. "किती रोजाचं पडलं?" असं विचारत. रोज म्हणजे दिवस आणि रोज म्हणजे दिवसभराच्या कामाची मजुरीही. रोजानं जाणाऱ्या माणसाला दोन्ही एकच. लुगडं पाच रोजाचं, घमेलं दीड रोजाचं, कंदिलाची काच पाव रोजाची, असा हिशोब मेहकर तालुक्यातल्या आमच्या घाटावरच्या गावात माझ्या आजीच्या तोंडी सहज असायचा. तिला अक्षर येत नव्हतं, पण भागाकार येत होता.

पारावर माणसं बसली की स्वस्ताईच्या गोष्टी निघतातच. चार आण्यात आठवड्याचा बाजार होई, शंभर रुपयांत लग्न उरके, रुपयाला थैलीभर ज्वारी येई. सांगणारा खोटं बोलत नसतो. तो फक्त एक गोष्ट सांगायची राहून जातो, की तो रुपया हातात यायला किती दिवस उन्हात वाकावं लागे. चार आण्याचा बाजार खरा, पण ते चार आणे दिवस मावळेपर्यंत निंदल्याशिवाय कोणी देत नव्हतं. म्हणून स्वस्ताईच्या गोष्टीला आजीचा प्रश्न लावून पाहावा. कुठली वस्तू खरोखर स्वस्त झाली, कुठली महाग झाली आणि कुठं आपण नुसते रुपयाच्या शून्यांना भुललो, ते त्यातून निघतं. हिशोब साधा आहे. वस्तूची किंमत भागिले दिवसाची मजुरी.

सुरुवात मात्र अशा काळापासून करावी लागते, जेव्हा हा भागाकार करायची वेळच फारशी येत नसे. आजीच्या लहानपणी पुष्कळशी मजुरी पैशात नव्हती. सालदार पाडव्याला साल धरायचा. त्याचं साल ठरायचं ते अमुक ज्वारी, थोडी रोकड, धोतरजोडा, वहाणा आणि घोंगडी यांत. ज्वारीच्या सोंगणीला गेलेल्या बाया संध्याकाळी पेंढ्या डोक्यावर घेऊन घरी येत. कापूस वेचणारीला वेचलेल्या कापसातला वाटा मिळे. अशा मजुरीला भाव नसतो, वजन असतं. बाजारात ज्वारी कितीही कडाडली तरी पेंढीतले दाणे कमी होत नाहीत. मालकाचं माप लहान असणं, पावसानं पीकच बुडणं, ही भीती होतीच. पण मुंबईच्या पेठेत काय झालं त्यावर आपली भाकर अवलंबून नव्हती.

रोख पैसा आमच्या भागात आला तो कापसाच्या पाठीवर बसून. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खामगावची पेठ एवढी वाढली की १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले. मजुरीचा पैसा खेळू लागला. पण त्याबरोबर ज्वारीची वावरं कापसाखाली गेली, आणि रेल्वेनं धान्य जसं आत येऊ लागलं तसं बाहेरही जाऊ लागलं. रोख रोज घेणाऱ्या माणसाचं पोट दूरच्या बाजारभावाला बांधलं गेलं.

याचा अर्थ काय, ते १८९९-१९०० च्या दुष्काळात कळलं. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ ला ती २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत माणसं वाढायची ती घटली. तेही कुठे, तर रेल्वे, तारयंत्र आणि सरकी काढायचे कारखाने आलेल्या, श्रीमंत म्हणवणाऱ्या कापूसपट्ट्यात. पैसे होते त्याला धान्य मिळत होतं. रोजच बंद पडला होता, त्याला कुठल्याच भावानं मिळत नव्हतं.

गंमत अशी, की आजीचा हिशोब सरकारलाही ठाऊक होता. १८८० नंतर ज्या दुष्काळ संहिता तयार झाल्या, त्यांत दुष्काळी कामावरची मजुरी धान्याच्या वजनात ठरवत आणि चालू भावानं तिचे पैसे करून देत. भाव चढला की पैसे चढायचे, दाणे तेवढेच. वजन मात्र जीव टिकण्यापुरतंच. त्याही आधी, १८७७ च्या दुष्काळात, सर रिचर्ड टेंपल यांनी मुंबई इलाख्यात ते वजन दिवसाला एक रत्तल, म्हणजे साडेचारशे ग्रॅमांवर आणलं होतं. वर थोडेसे पैसे. दिवसभर खडी फोडायची आणि तीन-चार भाकरींपुरतं पीठ घ्यायचं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध सरकारकडे अर्जावर अर्ज केले आणि हजारो मजुरांनी कामावर जायचं नाकारलं. त्याच सुमारास, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजींनी मांडलं होतं की हिंदी माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न वीस रुपये आहे आणि नुसतं जगायला लागतात चौतीस. भागाकार करणारी आजी एकटी नव्हती.

या भागाकाराची सगळ्यांत गाजलेली मांडणी मिठावरून झाली. २ मार्च १९३० ला गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी व्हाइसरॉयचा पगारच मांडला. महिना २१ हजार रुपये, म्हणजे दिवसाला सातशे रुपये. आणि हिंदी माणसाची सरासरी मिळकत दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. पाच हजार पटींहून जास्त अंतर. त्या वेळी मिठावर बंगाली मणाला सव्वा रुपया कर होता. तो मण सदतीस किलोंचा धरला आणि सव्वा रुपयाचे वीस आणे केले, तर किलोमागे नुसता कर अर्ध्या आण्याहून थोडा जास्त पडतो. दोन आणे मिळकतीच्या माणसाचा पाव दिवस किलोभर मिठाच्या करातच गेला. मिठाची किंमत वेगळीच. व्हाइसरॉयनं तेच मीठ खाल्लं तर त्याला त्या करासाठी किती वेळ बसावं लागे? जेमतेम क्षणभर. कर दोघांना सारखाच होता, फक्त दिवस सारखे नव्हते. म्हणून मीठ निवडलं गेलं आणि म्हणून ते गावोगावच्या बायांना न सांगता कळलं.

आज सुटं मीठ किलोला दहा-बारा रुपयांना मिळतं. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी केंद्राच्या रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये ठरला. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. म्हणजे किलोभर मीठ पाव तासाचं झालं. मीठ खरोखर स्वस्त झालं, यात वाद नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं शेतमजुरांची देशभर पाहणी केली. १९५०-५१ मध्ये शेतावरच्या गड्याचा सरासरी रोज १०९ पैसे होता आणि बाईचा ६८ पैसे. पुन्हा १९५६-५७ मध्ये पाहिलं तर गड्याचा ९६ आणि बाईचा ५९. स्वराज्याच्या पहिल्या दहा वर्षांत रोज वाढायचा सोडून खाली आला. त्याच काळात, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले आणि मागोमाग शेर-पायलीच्या जागी किलो आला. रुपयाचे सोळा आणे होते त्याचे शंभर पैसे झाले. आजी शेवटपर्यंत चार आणे, आठ आणेच म्हणत राहिली. "सोळाचे शंभर केले तरी रोज एकाचा दोन झाला काय?" असं ती विचारायची. चार आण्याचं, म्हणजे पंचवीस पैशांचं नाणं पुढं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. तोवर त्यात विकत घेण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

या पाहणीतला बाईचा आकडा जरा थांबून पाहावा. गड्याच्या शंभर पैशांमागे बाईला बासष्ट. दुकानदार बाईला वस्तू स्वस्त देत नव्हता. तेव्हा जे लुगडं गड्याच्या पाच रोजाचं, तेच बाईच्या आठ रोजाचं. एकाच घरात, एकाच चुलीवर, एकाच वस्तूच्या दोन किमती होत्या. आजी "पाच रोजाचं लुगडं" म्हणायची, तेव्हा ती आजोबांचे रोज मोजत होती. स्वतःचे मोजले असते तर ते आठ भरले असते. आणि नेसणारी तर तीच होती.

हे अंतर आमच्या घरात पहिल्यांदा मिटलं ते दुष्काळानं. १९७२ ला मी दहा वर्षांचा होतो. पाऊस गेला, विहिरी आटल्या, वावरात काही उरलं नाही. गावाजवळ सडकेचं काम निघालं, मग पाझर तलावाचं. बाप कुदळ मारी, माय घमेलं वाही, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत उभं राहू. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकर. ती थापताना फाटायची आणि गिळताना अडायची. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच वेळी राज्यभर धरली गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि त्याचा खर्च भागवायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर. पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या पगारपत्रकात आजही तो कर दिसतो. त्याची सुरुवात आमच्या घमेल्यापासून झाली आहे.

या कामावर खोदाईचं माप घेऊन पैसे मिळत आणि दर बाईगड्याला एकच होता. माय सांगायची, "पयल्यांदा माह्या हातावर तुह्या बापाएवढे पैसे पडले. मुकादमाले म्या दोनदा इचारलं, चुकलं तं नाही ना?" चुकलं नव्हतं. त्या आठवड्याला घरातल्या वस्तूंची किंमत न बदलता मायच्या दिवसांत ती जवळजवळ निम्म्यानं उतरली. पुढे शेताच्या कामावर मात्र तिला पुन्हा बाईचाच रोज मिळे. आजही आमच्या भागात निंदणाचा आणि फवारणीचा रोज सारखा नाही.

त्या दिवसांत हातात पडायचे ते रोजाला तीन रुपयांच्या आसपास. १९७५-७६ मध्ये ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ७४ रुपये होता. म्हणजे एका रोजात चार किलो ज्वारी. दुकानातला भाव हमीभावाएवढा कधीच नसतो हे खरं. पण हमीभाव वर्षावर्षाचा ठाऊक असतो, म्हणून मोजपट्टी म्हणून तो बरा. चार किलो ज्वारीवर पाच-सहा माणसांचं घर फार तर दीड दिवस चाले. कपडा, तेल, औषध, बाजार हे सगळं तेवढ्यातूनच.

याच पट्टीनं पुढे मोजत गेलं तर काय दिसतं? १९८८ मध्ये राज्यानं शेतमजुरांचं किमान वेतन एकदम दुप्पट केलं. सर्वांत खालचा दर सहाचा बारा रुपये झाला आणि रोजगार हमीचा रोजही त्याबरोबर चढला. ज्वारी तेव्हा १४५ रुपये क्विंटल. रोजात आठ किलो. आजीच्या भाषेत सांगायचं तर ज्वारी अर्ध्यावर आली. अभ्यासकांनी मात्र त्याच वेळी एक दुसरी गोष्ट नोंदवली. रोज दुप्पट झाल्यावर कामं पूर्वीसारखी निघेनात. मागेल त्याला काम हे कागदावर राहिलं आणि मागणाऱ्याला थांबावं लागलं. २०११ मध्ये केंद्राच्या योजनेचा रोज महाराष्ट्रात १२७ रुपये झाला आणि त्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव ९८० होता. रोजात तेरा किलो. माझ्या पाहण्यातला हा सर्वांत वरचा आकडा. पुढच्याच वर्षी ज्वारीचा हमीभाव दीड हजार झाला, रोज १४५ झाला, आणि आकडा साडेनऊ किलोंवर उतरला. २०२४-२५ मध्ये रोज २९७ आणि ज्वारी ३३७१. पावणेनऊ किलो. म्हणजे बारा वर्षांत रोज दुप्पट झाला आणि ज्वारीच्या पट्टीवर माणूस जिथे होता तिथून थोडा मागेच सरकला. रुपयांत पाहिलं तर हे दिसत नाही.

इथं शेतकरी वाचक म्हणेल, ज्वारीचा भाव वाढला तर आमचं काय वाईट झालं? काहीच नाही. माझा बाप दोन एकरांचा मालक होता आणि वर्षातले आठ महिने मजूर होता. भाव चढला की सुगीत त्याला बरं वाटे आणि पावसाळ्यात तोच भाव अंगावर येई. आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं अशीच दोन्हीकडची. त्यांच्या घरात हा भागाकार दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

आणि ज्वारी महाग झाली म्हणून कोणी उपाशी आहे असंही आता नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनचा गहू दोन रुपये किलो आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला. जानेवारी २०२३ पासून तर माणशी महिना पाच किलो धान्य फुकटच मिळतं. टेंपलच्या रत्तलभर धान्यासाठी दिवसभर खडी फोडावी लागे, आता तेवढ्या धान्याला अंगठा लावण्याइतकंच काम. हा बदल लहान नाही. दीडशे वर्षांत भाकरीचे रोज उतरत उतरत शून्यावर आले, असं ज्या घराला म्हणता येतं त्या घरानं फार मोठा पल्ला ओलांडला आहे. एवढंच, की ती भाकर राहिली नाही, पोळी आणि भात झाला. सोयाबीननं ज्वारीची वावरं घेतली आणि ज्वारीची भाकर शहरातल्या डॉक्टरच्या सल्ल्याचं अन्न झाली.

भाकरीहूनही मोठी घसरण उजेडाची झाली. आमच्या घरात चिमणी होती, घासलेटची. वात वर केली की माय ओरडायची, "कायले जायतं रे, बाजाराले अजून चार दिस हायेत." अभ्यास करायचा तर दिवस असेतोवर. उजेडाची किंमत कामाच्या तासांत मोजण्याचं काम विल्यम नॉर्डहाउस या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं केलं. त्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या हिशोबात १८०० च्या सुमारास साध्या बल्बच्या तासाभराच्या उजेडाएवढा उजेड मिळवायला पाच तासांहून जास्त मजुरी लागे. १९९२ ला अमेरिकेतल्या मजुराला एक सेकंदही पुरा लागत नव्हता. आमच्याकडे हे सगळं एका पिढीत झालं. चिमणीखाली दुसरीचं पुस्तक वाचलेला माणूस आज मोबाइलच्या विजेरीनं वावरात पाणी द्यायला जातो. काडेपेटीही तशीच. २००७ ला ती पन्नास पैशांची रुपयाला झाली आणि १ डिसेंबर २०२१ ला दोन रुपयांना. भाव चौपट झाला म्हणून ओरड झाली, पण दोन रुपये म्हणजे आजच्या रोजाची तीन मिनिटं.

काही गोष्टींचे तास मात्र कोणत्याच पाहणीत नव्हते. दळण घ्या. पायलीभर ज्वारी जात्यावर दळायला मायला पहाटेचे दोन तास लागत. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा दळणाचे दहा-पंधरा पैसे पडत. तीन रुपये रोजाच्या हिशोबानं ती पंचवीस मिनिटांची मजुरी. दोन तासांच्या जागी पंचवीस मिनिटं, एवढा स्वस्त सौदा दुसरा नव्हता. तरी आमच्या घरात जातं बरीच वर्षं फिरत राहिलं. कारण गिरणीला पैसे लागत आणि मायच्या पहाटेला पैसे लागत नव्हते. ज्या वेळेचे पैसे मिळत नाहीत, ती वेळ वाचवायला कोणी पैसे देत नाही. पाझर तलावाच्या कामावर दिवस उगवायच्या आत पोचावं लागू लागलं, हजेरी बुडाली की पैसे बुडू लागले, तेव्हाच बापानं दळण गिरणीत न्यायला सुरुवात केली. ते गिरणीचं पीठ मायला आवडायचं नाही, ऊन लागतं म्हणायची. पण पहाटे दोन तास झोपायला मिळालं, हेही तीच सांगायची. पाणी आणि सरपण यांचं तर अजूनही असंच आहे. सिलिंडर घरात आला, पण रिकामा झाला की तो भरायला जवळजवळ तीन रोज लागतात. पराट्या आणि तुराट्या आणायला बाईची फक्त दुपार जाते. म्हणून कित्येक घरांत शेगडी कोपऱ्यात आणि चूल पेटलेली. त्या बाईला अडाणी म्हणू नये, हिशोब तिचा बरोबर असतो.

आता महाग काय झालं ते. आमच्या विदर्भात एक गोष्ट प्रत्येक शेतकरी सभेत सांगितली जाते, की पूर्वी क्विंटलभर कापसात तोळाभर सोनं यायचं. १९७२ च्या सुमारास दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या घरात होतं, तेव्हा ती गोष्ट उगाच नाही. २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखापलीकडे गेलं आणि त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये ठरला. बारा क्विंटलांहून जास्त कापूस. मजुराचा हिशोब कोणी सभेत सांगत नाही, तोही सांगतो. १९७५ ला दहा ग्रॅम सोनं साधारण ५४० रुपये, रोज तीन रुपये. १८० रोज. २०२५ ला लाख रुपये आणि ३१२ रुपये रोज. ३२० रोज. रोजगार हमीचा केंद्राचा कायदा घराला वर्षाकाठी शंभर दिवसांची हमी देत आला. पोरीच्या अंगावर एक तोळा घालायला तीन वर्षांची सगळी हमी पुरत नाही.

सोनं नको म्हणता येईल. शाळा आणि दवाखाना नको म्हणता येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, पाटी-पेन्सिल सोडली तर तिथं काही लागत नव्हतं. आज आमच्या गावातली रोजानं जाणारी बाईसुद्धा पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालते. फी आणि गाडीभाडं मिळून तिचे वर्षाचे पन्नास-साठ रोज त्यात जातात. घरात कोणी आठ दिवस दवाखान्यात राहिलं तर त्या वर्षाचा हिशोबच मोडतो. मीठ, काडेपेटी, साबण, उजेड, फोनवरचं बोलणं, कापड हे सगळं रोजात स्वस्त झालं. ज्या गोष्टींनी माणूस रोजानं जाण्यातून सुटतो, त्या शिक्षण, जमीन, धडधाकट शरीर अशा गोष्टी महाग झाल्या. पूर्वी गरिबाचा दिवस पोट भरण्यात जात होता. आता पोट भरायला दिवसातला थोडा भाग लागतो, आणि उरलेला दिवस पोराला या कामातून बाहेर काढण्यात जातो. हे पहिल्यापेक्षा बरंच आहे. पण सोपं नाही.

आणि या सगळ्या भागाकारात एक आकडा आपण गृहीत धरतो. रोज मिळतो, हे. मागच्या दिवाळीआधी गावातल्या सोयाबीन सोंगणाऱ्या बायांच्या टोळीबरोबर मी धुऱ्यावर बसून वर्षाचे दिवस मोजले. टोळी उक्त्यानं एकरभर सोयाबीन सोंगते, अंधार पडेस्तोवर, आणि त्या दिवसांत प्रत्येकीला रोजगार हमीच्या रोजाहून बरेच जास्त पैसे पडतात. पण ते दिवस पंधरा-वीसच. निंदणाचे दिवस तणनाशकानं खाल्ले. सोयाबीन काढायचं यंत्र आता शेजारच्या गावात येऊ लागलं आहे. कापूस वेचणीचे चाळीसेक, हरभऱ्याचे आठ-दहा, हळद-कांद्याचे थोडे. बोटांवर मोजून एकीचे एकशे चाळीस भरले, दुसरीचे एकशे दहा.

त्यातली एक मला म्हणाली, "भाऊ, वस्तू काय, दोन रोजाची असो का तीन रोजाची. घेता येते. रोजच नसला तं मीठबी महागच हाये." मग तिनं आपले एकशे दहा दिवस वाटून दाखवले. पोराच्या शाळेला पन्नास, बचत गटाच्या हप्त्याला पंचवीस, सिलिंडर आणि रिचार्जला वीस, लुगडी-कपड्याला पाच. उरले दहा. "हे दुखण्याले ठेवले," ती म्हणाली, आणि विळा घेऊन उठली. दिवस मावळायला अजून तासभर होता आणि तास उरला होता तोवर तिला सरीची दोन तासं उरकायची होती.